‘अंगठा लागत नाही’ की कम्प्युटरचं घड्याळच चुकलंय? कसं ओळखायचं?

“अंगठा लागूनच नाही राहिला, काकू. उद्या या.”

गडचिरोली किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात, रेशन दुकानात तासभर बसलात, तर हे वाक्य कानावर पडण्याची शक्यता बरीच आहे. काकू पदराला हात पुसतात, दुसरं बोट लावून बघतात, तिसरं लावतात. धान रोवून, मोहफुलं वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ‘हातच खराब आहे’ हे स्पष्टीकरण दोन्ही बाजूंना पटतं. बऱ्याचदा ते खरंही असतं.

पण काही वेळा बोट ठीक असतं, इंटरनेटही ठीक असतं. चुकलेलं असतं ते स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ. त्याच्याकडे ना केंद्रचालक बघतो, ना काकू. अशा वेळी ‘उद्या या’ या सल्ल्याला काही अर्थ नसतो, कारण ते घड्याळ उद्याही तेवढंच चुकलेलं असणार. फुकट जाते ती काकूंची एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं. भामरागडसारख्या तालुक्यात, जिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथे हा ‘उद्या’ आठवडाभराने उजाडू शकतो.

कम्प्युटरचं घड्याळ चुकणं हा तसा क्षुल्लक बिघाड. दुरुस्तीला लागतात पाच मिनिटं आणि फार तर एक छोटा सेल. अडचण एवढीच, की हा बिघाड स्वतःच्या नावाने समोर येत नाही. कधी तो ‘अंगठा लागत नाही’ म्हणून येतो, कधी ‘साइट बंद आहे’ म्हणून, तर कधी ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणून.

घड्याळ चुकलं तर अंगठा का नाकारला जातो?

आधार पडताळणीत फक्त बोटाचा ठसा जात नाही. ठशासोबत तो कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला याचीही नोंद जाते. ही वेळ ठसा घेणाऱ्या बाजूकडूनच, म्हणजे त्या केंद्रावरच्या कम्प्युटर किंवा मशीनकडूनच येते. हे सगळं कुलूपबंद पाकिटासारखं आधारच्या म्हणजे यूआयडीएआयच्या सर्व्हरकडे जातं. सर्व्हर पाकिटावरची वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. त्यामागचं कारण रास्त आहे. कुणी तुमचा जुना ठसा साठवून ठेवून महिन्याभराने वापरू नये, यासाठी ही तपासणी आहे.

यूआयडीएआयच्या तांत्रिक नियमांत प्रत्येक नकाराला एक क्रमांक दिलेला आहे. ठसा जुळला नाही तर ३००. पाठवलेली वेळ ठरलेल्या तासांपेक्षा जुनी असेल तर ५६१. आणि वेळ सर्व्हरच्या पुढची, म्हणजे भविष्यातली असेल तर ५६२. थोडक्यात, ३०० आला तर भानगड बोटाची आहे. ५६१ किंवा ५६२ आला, तर बोटाचा काही संबंधच नाही, मशीनचं घड्याळ मागे किंवा पुढे आहे.

अख्खा प्रश्न इथेच सुटायला हवा होता. पण अनेक पोर्टलवर आणि अ‍ॅपवर हा क्रमांक एका लांबलचक इंग्रजी वाक्यात दडलेला असतो, नाहीतर ‘पडताळणी अयशस्वी’ एवढंच दिसतं. समोर रांग लागलेली असताना केंद्रचालक ते वाक्य शेवटपर्यंत वाचत नाही. लाल अक्षरं दिसली की निदान ठरलेलं असतं.

दोन-चार मिनिटांच्या चुकीने आधारचं काम सहसा अडत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. ५६१ची मर्यादा तासांत आहे. म्हणजे ज्या घड्याळामुळे काम अडतं ते थोडंथोडकं नाही, चांगलंच भरकटलेलं असतं. आणि एवढं भरकटलेलं घड्याळ नुसत्या नजरेनेही पकडता येतं, फक्त बघायला हवं.

‘साइट उघडत नाही’ हेही घड्याळामुळे?

हो. कुठलीही सरकारी किंवा बँकेची वेबसाइट उघडताना ब्राउझर आधी त्या साइटचं प्रमाणपत्र तपासतो. त्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. कम्प्युटरच्या मते आज २०१५ साल चालू असेल, तर प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असा अर्थ तो काढतो आणि साइट अडवतो. क्रोम ब्राउझर अशा वेळी ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ किंवा ‘पुढे आहे’ असं सांगण्याचा प्रयत्न करतो. पण तोही इंग्रजीत असतो, आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ या इशाऱ्याची सवय झालेल्या डोळ्यांना दोन्ही पानं सारखीच दिसतात.

पुढच्या काळात हा त्रास वाढणार आहे आणि त्याच्या तारखाही ठरल्या आहेत. आतापर्यंत वेबसाइटचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त ३९८ दिवसांसाठी मिळायचं. प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण समजा एखाद्या केंद्रावरचा कम्प्युटर दोन महिने मागे आहे. वर्षभराच्या प्रमाणपत्राच्या जमान्यात त्याचं बरेचदा निभावून जायचं. ४७ दिवसांच्या जमान्यात त्याला एकही साइट उघडता येणार नाही.

तिसरा प्रकार मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपच्या सहा आकडी कोडचा. हा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो घड्याळावरूनच तयार होतो. इथे मिनिटा-दोन मिनिटांचा फरकही पुरतो. पासवर्ड बरोबर, कोड बरोबर टाइप केलेला, तरी ‘चुकीचा कोड’ येत राहिला, तर आधी फोनची वेळ बघावी. (एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचं तसं नसतं. तो सर्व्हरच तयार करतो आणि सर्व्हरच तपासतो.)

चूक किती आहे, यावरून कारण कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. निदानाची खरी गंमतही याच भागात आहे. डॉक्टर ताप किती आणि कधी चढतो ते विचारतात, तसं इथे दोन प्रश्न विचारायचे. घड्याळ किती चुकलंय? आणि ही चूक स्थिर आहे की वाढतेय?

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे कम्प्युटर सुरू केला की तारीख पाच-दहा वर्षं मागे, बहुतेकदा एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीला. दुरुस्त केली की दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथे दोषी जवळपास नक्की असतो. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, दुकानात तो सीमॉस बॅटरी किंवा ‘सीआर २०३२’ म्हणून मिळतो. कम्प्युटर बंद असताना घड्याळ या ३ व्होल्टच्या सेलवर चालतं. सेल संपला की लाइट गेल्याबरोबर घड्याळही आपली जागा विसरतं आणि कारखान्यात भरलेल्या तारखेवर जाऊन बसतं. जिथे लाइट दिवसातून चार वेळा जाते आणि रात्री मेन स्विच बंद करून केंद्राला कुलूप लावलं जातं, तिथे हा सेल जास्त काम करतो आणि लवकर संपतो. शहरातल्या ऑफिसमध्ये कम्प्युटर कायम प्लगला असतो, त्यामुळे तिथे सेल संपलेला असूनही वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरा प्रकार फसवा आहे. घड्याळ बरोबर साडेतेरा किंवा साडेबारा तासांनी मागे असतं. विंडोज नव्याने टाकताना टाइम झोन बदलायचा राहिला, तर तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहतो. तिथली वेळ भारतापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते. केंद्रचालकाला कोपऱ्यात चुकीची वेळ दिसते. तो झोनला हात न लावता काटेच पुढे ढकलतो. आता स्क्रीनवर भारतातली वेळ अचूक दिसते, पण कम्प्युटरची आतली समजूत अशी, की कॅलिफोर्नियात आत्ता सकाळचे १० वाजलेत. म्हणजे त्याच्या हिशेबाने जागतिक वेळ साडेतेरा तास पुढे गेली. थोड्या वेळाने इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होते आणि स्क्रीनवर पुन्हा काल रात्रीची वेळ येते. मग हा पुन्हा काटे फिरवतो. ‘रोज नीट करतो आणि रोज बिघडते’ अशी तक्रार असेल आणि फरक दरवेळी तेवढाच असेल, तर सेल बदलण्यात पैसे घालवू नयेत, टाइम झोन बघावा. तिथे ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ असं लिहिलेलं हवं.

बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला, तर कुठेतरी भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांची गल्लत झाली आहे. एकाच कम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेले असतील तर हे हमखास होतं, कारण मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ एक जण स्थानिक समजतो आणि दुसरा जागतिक. बरोबर १२ तासांचा फरक म्हणजे कुणीतरी हाताने वेळ लावताना एएम-पीएम चुकवलं. आणि तारीख ५ मार्चच्या जागी ३ मे असेल, तर अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो हे लावणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. दिवस आणि महिना बरोबर पण वर्षच चुकलेलं, असंही होतं. आपली नजर वेळेवर जाते, फार तर तारखेवर. वर्ष कोण वाचतं?

उरला हळूहळू चुकण्याचा प्रकार. कम्प्युटरच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपांच्या मोजणीतून सेकंद तयार होतो. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सगळ्यात नेमका चालतो. त्यापेक्षा गरम झालं तरी तो मंदावतो आणि थंड झालं तरी मंदावतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत, धूळ भरलेल्या डब्याच्या आत तो आणखी वर असतो. ५० अंशांना असा साधा स्फटिक दिवसाला दीड ते दोन सेकंद मागे पडतो.

वाचायला हे मोठं वाटेल, पण हिशेब करून बघा. दिवसाला दीड सेकंद म्हणजे महिन्याला ४५ सेकंद. या वेगाने एक तास मागे पडायला साडेसहा वर्षं लागतील. म्हणून घड्याळ तासभर चुकलेलं असेल आणि कुणी म्हणालं ‘उन्हामुळे झालं’, तर मान डोलवू नये. चंद्रपूरच्या उन्हावर बरंच काही ढकलता येतं, हे नाही.

इंटरनेट आहे, मग घड्याळ आपोआप दुरुस्त का होत नाही?

व्हायला हवं, आणि बहुतेक वेळा होतंही. यासाठी एनटीपी नावाची पद्धत वापरतात. अमेरिकी संशोधक डेव्हिड मिल्स यांनी ती बनवली, १९८५ पासून ती वापरात आहे. कल्पना साधी आहे. समजा तुमच्या घड्याळात १० वाजून ० सेकंद झालेत. तुम्ही सर्व्हरला विचारलं, ‘किती वाजले?’ सर्व्हरने तुमचा प्रश्न मिळाला त्या क्षणाची त्याची वेळ लिहून लगेच परत पाठवली, १० वाजून ५ मिनिटं १ सेकंद. उत्तर तुमच्या हातात पडलं तेव्हा तुमच्या घड्याळात १० वाजून २ सेकंद झाले होते. जाऊन येऊन २ सेकंद लागले, म्हणजे येताना १ सेकंद लागला असणार. तर आत्ता सर्व्हरकडे १० वाजून ५ मिनिटं २ सेकंद झालेत आणि तुम्ही बरोबर ५ मिनिटं मागे आहात.

या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असं ते धरून चालतं. गडचिरोलीच्या दुर्गम भागात मोबाइल टॉवरची जोडणी काही ठिकाणी फायबरऐवजी उपग्रहावरून असते. जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर असलेल्या उपग्रहापर्यंत जाऊन परत यायलाच संदेशाला पाव सेकंद लागतो. त्यात येणाऱ्या बाजूला गर्दी आणि जाणारी बाजू मोकळी असेल, तर हिशेब चुकतो. जायला ०.३ सेकंद आणि यायला १.१ सेकंद लागले, तर घड्याळ ०.४ सेकंदाने चुकीचं लागेल. सेवा केंद्राला त्याने काही फरक पडत नाही. कुणाला पडतो, ते पुढे येईल.

सेवा केंद्रासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. घड्याळ फारच चुकलेलं असेल, तर कम्प्युटर ते दुरुस्त करायला नकार देतो. कुठल्याही कार्यालयीन नेटवर्कला न जोडलेल्या विंडोज कम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास आहे. इंटरनेटवरची वेळ आणि आपली वेळ यांत १५ तासांहून जास्त फरक दिसला, तर आपल्याला कुणी फसवतंय असं कम्प्युटर धरतो आणि होतं तसंच राहू देतो. लिनक्सवर वर्षानुवर्षं वापरात असलेला एनटीपीचा प्रोग्राम तर १,००० सेकंदांच्या, म्हणजे जेमतेम १७ मिनिटांच्या फरकावरच हात वर करून बंद पडतो. फसवणूक टाळायला केलेली ही सोय आहे, पण परिणाम उलटा होतो. घड्याळ थोडं चुकलं तर आपोआप दुरुस्त होतं, आणि सेल संपून २०१५ मध्ये गेलं, म्हणजे मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, मदत येतच नाही.

म्हणून क्रम असा हवा. आधी टाइम झोन बघा. मग तारीख, वर्ष आणि वेळ हाताने साधारण बरोबर करा. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ‘डेट अँड टाइम’मध्ये जाऊन वेळ आपोआप घेण्याचं बटण सुरू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. एवढं करूनही सिंक झालं नाही, तर एकतर विंडोजची वेळेची सेवाच कुणीतरी बंद करून ठेवलेली असते, किंवा कार्यालयाच्या फायरवॉलने एनटीपीचा रस्ता, म्हणजे यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट, अडवलेला असतो. वेबसाइट छान उघडतात पण वेळ मात्र दुरुस्त होत नाही, हे त्याचं लक्षण.

शेजारच्या कम्प्युटरशी वेळ जुळली, म्हणजे बरोबर?

नाही. मोठ्या कार्यालयात सगळे कम्प्युटर एका मुख्य सर्व्हरकडून वेळ घेतात. तो चुकला की सगळे एकसारखे चुकतात, आणि एकमेकांशी मात्र अगदी तंतोतंत जुळतात. अशा नेटवर्कमध्ये एखादाच कम्प्युटर मुख्य सर्व्हरपेक्षा ५ मिनिटांहून जास्त वेगळा झाला, तर त्याला लॉगिनच करता येत नाही. म्हणजे कधीकधी अख्खं कार्यालय चुकलेलं असताना बरोबर वेळ असलेला एकटा कम्प्युटर बाहेर फेकला जातो.

१९ नोव्हेंबर २०१२ ला हे जगाने पाहिलं. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे दोन सर्व्हर जगभर वेळ पुरवतात. त्या दिवशी काही काळ ते २००० साल सांगू लागले. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबलेल्या अनेक संस्थांची नेटवर्कं बारा वर्षं मागे गेली आणि कर्मचाऱ्यांची लॉगिन बंद पडली. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी वेळ विचारणाऱ्यांना फारसं काही झालं नाही, कारण एक जण वेडंवाकडं बोलतोय हे बाकीच्यांवरून कळलं.

म्हणून तपासताना वेळ बाहेरच्या कशाशी तरी ताडून बघावी. नेटवर्कमध्ये असलेला आणि ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेला मोबाइल यासाठी पुरेसा आहे. फक्त तो नेटवर्कमध्ये हवा. दोन-तीन दिवस रेंजबाहेर राहून, बॅटरी पूर्ण संपून सुरू झालेल्या फोनवर भरवसा ठेवू नये.

याच कारणाने रोजगार हमीच्या हजेरीचा मुद्दाही घड्याळाशी जोडला जातो. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर अ‍ॅपवरून हजेरी बंधनकारक झाली. वेळेचा आणि ठिकाणाचा शिक्का असलेले दिवसाला दोन फोटो, दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर. रेंज नसेल तर फोटो ऑफलाइन काढून नंतर अपलोड करता येतो. पण रेंज नसताना वेळ सांगणार कोण? फोनचं स्वतःचं घड्याळ, फार तर जीपीएस. मजुरीचा पुरावा घड्याळावर ठेवायचा असेल, तर ते घड्याळ तपासण्याची जबाबदारी कुणाची, हेही ठरायला हवं. मजुराची तर ती नक्कीच नाही.

याच जिल्ह्यांत सेकंदाचे तुकडे कुठे मोजले जातात?

वर म्हटलेला ०.४ सेकंदाचा फरक ज्यांना चालत नाही, ते सेवा केंद्रापासून फार दूर नाहीत. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्च दाबाची डीसी वाहिनी जाते. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिड जोडणारं १,००० मेगावॅटचं केंद्र आहे. विजेचा एक फेरा ५० हर्ट्‌झला २० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. बिघाड झाला की संरक्षक यंत्रणा त्यातल्या काही फेऱ्यांतच वाहिनी तोडतात. कोणती आधी तुटली आणि कोणती तिच्यामुळे तुटली, हे नंतर शोधायचं तर शेकडो किलोमीटरवरच्या दोन उपकेंद्रांची घड्याळं मिलिसेकंदापर्यंत जुळलेली हवीत.

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच झालं आणि त्यात पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. ६० कोटींहून जास्त लोकांना त्याचा फटका बसला. पश्चिम ग्रिड तगलं, म्हणून चंद्रपूर सुरू राहिलं. अशा घटनेची चौकशी म्हणजे मुख्यतः वेळेच्या नोंदी एकापुढे एक लावणं. २००३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातली वीज गेली, तेव्हा तिथल्या तपासनीसांना नोंदींचे आकडे मिळाले, पण अनेक घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती आणि क्रम लावण्यातच त्यांचा मोठा वेळ गेला. त्यामुळे उपकेंद्रं इंटरनेटवरून वेळ विचारत बसत नाहीत, छपरावर अँटेना लावून थेट उपग्रहाकडून घेतात.

जंगलातही हेच गणित आहे. ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पात गणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. हा डावा फोटो आणि तो उजवा फोटो एकाच वाघाचा, हे जोडणारा मोठा दुवा म्हणजे वेळ. एका कॅमेऱ्याचे सेल बदलताना त्याचं घड्याळ मूळ तारखेवर गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर जोडी जुळवणं अवघड होतं. २०१८-१९ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. एवढ्या ढिगात चुकलेलं घड्याळ हाताने शोधणं किती जिकिरीचं असेल, याची कल्पना करता येईल.

देशाची वेळ कोण ठरवतं, आणि नियम काय सांगतो?

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. चंद्रपूर त्याच्या पश्चिमेला असल्याने तिथला सूर्य घड्याळापेक्षा जवळपास १३ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. (मुंबईत हा फरक ३९ मिनिटांचा. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईने स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालवली होती.)

२८ एप्रिल २०२२ ला देशाची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनने आदेश काढला. कंपन्या, डेटा सेंटर, इंटरनेट सेवा देणारे आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा एनआयसीच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडावीत. सायबर गुन्ह्याच्या तपासात एका सर्व्हरची नोंद दुसऱ्याशी जुळावी, हा त्याचा हेतू. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा मांडला, ज्यात सरकारी आणि व्यावसायिक कामांसाठी भारतीय प्रमाणवेळच वापरण्याची तरतूद आहे. ‘एक देश, एक वेळ’ या प्रकल्पातून अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच प्रयोगशाळांमधून मिलिसेकंद ते मायक्रोसेकंदापर्यंत अचूक वेळ देण्याची योजना आहे.

सगळं योग्यच आहे. पण या साखळीचं वरचं टोक मायक्रोसेकंदात मोजलं जात असताना, खालच्या टोकाला एटापल्लीतल्या किंवा जिवतीतल्या केंद्रचालकाचा स्वतःच्या पैशाने घेतलेला कम्प्युटर असतो. त्याचा सेल कधी बदलायचा, याचं कुठलंही परिपत्रक निघत नाही. त्याला प्रशिक्षण मिळतं ते पोर्टलवर फॉर्म भरण्याचं.

खरं तर केंद्रचालकाने काही शोधून काढायची गरजच पडू नये. प्रत्येक वेबसाइटचा सर्व्हर उत्तर देताना स्वतःची तारीख आणि वेळ सोबत पाठवतच असतो. ती समोरच्या कम्प्युटरच्या वेळेशी ताडून बघणं हे पोर्टल बनवणाऱ्यासाठी चार ओळींचं काम आहे. आणि ५६१, ५६२ हे क्रमांक तर पोर्टलकडे आयतेच येतात. ते आले की लाल अक्षरांतल्या इंग्रजी वाक्याऐवजी स्क्रीनवर मराठीत एवढंच दिसलं तरी पुरे: ‘अंगठ्यात दोष नाही. या कम्प्युटरची तारीख १ जानेवारी २०१५ दिसते आहे. ती दुरुस्त करा आणि पुन्हा अंगठा घ्या.’

तोपर्यंत रांगेतल्या कुणीही, अंगठा दोनदा नाकारला गेला की, आपला मोबाइल स्क्रीनच्या कोपऱ्याजवळ धरून वेळ, तारीख आणि वर्ष जुळतंय का ते बघावं. जुळत नसेल तर काकूंना घरी पाठवण्याआधी पाच मिनिटं थांबवून घ्यावं.